दत्तोबांची घरं

दत्तोबा पेटीवाल्यांकडं सायकल होती, पण त्यांना सायकलवर बसलेलं साताऱ्यात कुणीही पाहिलेलं नाही. सायकलवर पेटी बसायची आणि दत्तोबा शेजारून चालायचे. मागच्या कॅरिअरला एक फळी ठोकलेली, फळीवर घोंगडीची घडी, घडीवर हार्मोनियम आणि हार्मोनियमवर मेणकापड. पाऊस लागला की छत्री पेटीवर धरून दत्तोबा स्वतः भिजायचे. चढाला सायकल ढकलायचे आणि उताराला ब्रेक दाबून तिला आवरून धरायचे.

"आवं दत्तोबा, उताराला तरी बसा की!" असं कुणी म्हटलं, की उत्तर ठरलेलं.

"सायकल पेटीची हाय. मला द्येवानं पाय दिल्यात."

एकदा दिवेलागणीला राजवाड्याच्या कोपऱ्यावर एका नव्या पोलिसानं त्यांना अडवलं.

"सायकलला दिवा कुठाय?"

"दिवा कुणाला? मी तर चालतोय."

"पण सायकल रस्त्यावर आहे ना?"

"मग बसलंय कोन तिच्यावर, त्येला इचारा," दत्तोबांनी पेटीवरचं मेणकापड उचलून दाखवलं. पोलिसानं पेटीकडं पाहिलं, दत्तोबांकडं पाहिलं आणि हातानंच जा म्हणून खूण केली. पुढं त्याच पोलिसाच्या मुलीच्या बारशाला दत्तोबा वाजवायला होते.

माझा एक पुतण्या व्हायोलिन वाजवतो. परवा तो मला विचारत होता, "काका, मुंबईला न जाता नुसत्या वाजवण्यावर माणूस इथं जगू शकेल का?" मी जन्मभर नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकुनी केली. संगीतातलं मला कळत नाही. पण एकोणीसशे चाळीसच्या सुमाराला, मी तिशीत असताना, आमच्या शेजारच्या खोलीत एक माणूस नुसत्या वाजवण्यावर जगत होता. कसा जगत होता, ते मी रोज पाहत होतो. म्हणून पुतण्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

दत्तोबा मूळचे नाटक कंपनीतले. बोलपट आले आणि त्यांची कंपनी एका आडगावी मुक्कामाला असताना मोडली. पडदे, मुकुट, गाद्या, सगळं ज्याच्या त्याच्या हाती लागलं. दत्तोबांच्या वाट्याला पगाराऐवजी पेटी आली. ती डोक्यावर घेऊन ते साताऱ्याला परतले. घरी फक्त मुलगी होती, यमू. बायको आधीच वारली होती. बरोबरचे वाजवणारे कुणी सिनेमात गेले, कुणी बॅन्डमध्ये, कुणी हॉटेल काढलं. दत्तोबांनी मात्र कुठल्याही मालकाकडं जायचं नाही असं ठरवलं. "कंपनी बुडती, घर बुडत न्हाई," हे त्यांचं पालुपद होतं. चहा आवडला तरी ते हेच म्हणत आणि भाजी खारट झाली तरी हेच.

मग जगायचं कसं? दत्तोबांनी एक जुनीच वहिवाट उचलली. गावात सुताराला, लोहाराला, न्हाव्याला बलुतं मिळतं, वर्षाचं धान्य ठरलेलं असतं आणि त्या बदल्यात वर्षभर काम. दत्तोबा म्हणाले, मी सुराचा बलुतेदार. तुमच्या घरी बारसं असू द्या, मुंज असू द्या, लग्न असू द्या, मी येणार आणि वाजवणार. दर वेळी घासाघीस करायची नाही. सुगी झाली की जे जमेल ते एकदाच द्यायचं. शेतकऱ्यांनी ज्वारी दिली, गूळ दिला. शिंप्यानं सदरा शिवून दिला. सायकल दुरुस्तीवाल्यानं जन्मभर पंक्चर फुकट काढून द्यायचं कबूल केलं; सायकलवर कुणी बसतच नसल्यानं त्याला ते परवडलं.

लोक आधी हसले. पण दत्तोबांनी त्यात आपली एक भर घातली आणि तिनं सगळा रंग पालटला. ज्या घराचं बलुतं घ्यायचे त्या घराची म्हणून एक स्वतंत्र चाल ते बांधायचे. चार-दोन ओळींचीच. शब्द नाहीत, नुसते सूर. त्या घरचं कार्य असलं की आरंभी ती चाल वाजणार, दुसऱ्या कुणाच्या घरी कधीही नाही. चाल बांधायच्या आधी ते आठवडाभर त्या घरी जाऊन नुसते बसायचे. सासू सुनेला कशी हाक मारते, पाणी कसं उपसतात, म्हातारा खोकतो कसा, सगळं ऐकायचे. मग एक दिवस पेटी घेऊन यायचे.

एका वकिलांची चाल समेच्या तोंडाशी यायची आणि अलीकडंच थांबायची. वकील म्हणाले, "पुढं?" दत्तोबा म्हणाले, "पुढची तारीख." वकील रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी दत्तोबांना धोतरजोडी दिली आणि पक्षकारांना ती चाल शिटीवर वाजवून दाखवू लागले.

आमच्या घरी दत्तोबा आठ दिवस येऊन बसले तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. मी आकड्यांचा माणूस. संध्याकाळी घरखर्च मांडायचा ही माझी सवय. बायको सामान सांगायची, मी पुटपुटत बेरीज करायचो. दत्तोबा कोपऱ्यात डोळे मिटून ऐकायचे. नवव्या दिवशी त्यांनी चाल वाजवली. ती हळूहळू वर चढली, एका सुरावर जरा घुटमळली आणि मग जपून जपून खाली आली.

"इथं घुटमळली का?" मी विचारलं.

"तिथं हातचा धरलाय," दत्तोबा म्हणाले.

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. माझी धाकटी बहीण कुसुम तर इतकी हसली, की तिला ठसका लागला. पण दुसऱ्या दिवसापासून ती चाल तिच्याच तोंडात बसली. भांडी घासताना, वेणी घालताना, कुसुम हातच्यासकट आमचं घर गुणगुणायची.

दत्तोबांना बाहेरून बोलावणी कमी आली नाहीत. कोल्हापूरच्या एका सिनेमावाल्यानं निरोप धाडला. विट्याचा एक गलाईवाला, सोनं गाळायचं दुकान काढून मद्रासला राहिलेला, सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "दत्तोबा, चला तिकडं. आपली लय माणसं हायेत. खोली देतो, जेवण देतो."

"तिथली घरं मला म्हाईत न्हाईत."

"होतील की म्हाईत!"

"मग हितली इसरतील."

गलाईवाल्यानं नाद सोडला. जाताना मात्र आपल्या विट्याच्या घराची चाल बांधून घेतली आणि दर दिवाळीला ती ऐकायला म्हणून आधी साताऱ्याला उतरून मगच गावी जायचा.

पुढं लाउडस्पीकर आला, तेव्हा मला वाटलं, आता दत्तोबांचं संपलं. कडेगाव हे माझ्या बायकोचं माहेर. तिथल्या पाटलांच्या घरी लग्न होतं, म्हणून आम्ही गेलो होतो. पाटलांचं घर दत्तोबांच्या बलुत्यातलं जुनं घर. पण पाटलांच्या मुलानं हौसेनं कराडहून कर्णा आणि तबकड्या मागवल्या होत्या. दत्तोबांना कुणी बोलावलंच नव्हतं. तरी ते आले. "घर माझं हाय. बोलावणं कशाला?" असं म्हणून लिंबाखाली सायकल टेकवून तिच्या शेजारी उकिडवे बसले.

कर्णा सकाळपासून गर्जत होता. मुहूर्त जवळ आला आणि पाटलांची म्हातारी आई आतल्या खोलीतून बाहेरच येईना.

"आई, चल की. नवरदेव खोळंबलाय."

"आमची चाल कुठं वाजली?" म्हातारी आतनं म्हणाली. "लगीन आमच्या घरात हाय का शेजाऱ्याच्या?"

पाटील घामाघूम होऊन कर्णेवाल्याकडं धावले. कर्णेवाला तरुण, डोक्याला तेल लावून चप्प भांग पाडलेला. तो आत जाऊन म्हणाला, "आजी, कुठलं गाणं पायजे सांगा. समद्या तबकड्या हायेत माझ्यापाशी."

"माझ्या घराचं लाव."

बिचाऱ्यानं खरोखर खोक्यात हात घातला. दोन-तीन तबकड्या काढून पाहिल्यासुद्धा. मग पाटील स्वतः लिंबाखाली गेले आणि हात जोडून उभे राहिले. दत्तोबांनी पेटी उतरवली. ते रुसले नाहीत की टोमणा मारला नाही. कर्णेवाल्याला जवळ बोलावून म्हणाले, "गड्या, ते तुझं बोलायचं बोंडूक हाय नव्हं? ते धर की पेटीम्होरं."

त्यानं मायक्रोफोन धरला आणि पाटलांच्या घराची चाल शिवारभर गेली. म्हातारी डोळे पुसत बाहेर आली. पंगती उठायच्या आत गावातल्या निम्म्या घरांची माणसं दत्तोबांभोवती जमली होती. "आमची बी बांधा. पाटलापेक्षा लांबडी बांधा." कर्णेवाला पुढं कडेगावकडच्या प्रत्येक कार्याला आधी दत्तोबांना विचारून तारीख घ्यायचा. मी पुतण्याला सांगितलं, नवं यंत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आधी लोकांच्या घरात काय वाजतं ते ऐकायला शीक.

इथपर्यंत ऐकलं तर वाटेल, की दत्तोबांचं सगळं छान चाललं होतं. धंदा छान चालला होता. पण एक घर त्यांना बंद होतं, आणि ते त्यांच्या लेकीचं.

यमू लहानपणापासून पेटीचा भाता मारायची. पेटीवाल्याचा एक हात भात्यात गुंततो, एकच सुरांना उरतो. यमू पलीकडून भाता मारायची, म्हणून दत्तोबांना दोन्ही हात मोकळे मिळायचे. भिंतीपलीकडून तो आवाज आला की वाटायचं, दोघंजण वाजवताहेत. लेक मोठी झाली. सांगलीचं स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, वडिलांची हळदीची अडत. लग्न साताऱ्यात झालं. व्याही उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. लग्नात त्यांनी सगळं गोड मानून घेतलं आणि निघताना एक अट घातली.

"आमच्या घरातलं वाजवणं आम्ही एका पिढीमागं बंद केलं," ते म्हणाले. "मोठ्या कष्टानं पेढी उभी केलीय. सुनेचा बाप दारोदार पेटी वाजवत फिरतो हे आमच्या पेठेत दिसायला नको. पेटी माळ्यावर टाका, एखादी नोकरी धरा, आणि मग खुशाल या. तोवर आमच्या दारात पेटी नको, आणि सूनही माहेरी धाडणार नाही."

दत्तोबांनी मान हलवली. यमू गेली. भिंतीपलीकडं एकहाती पेटी वाजू लागली.

काही महिन्यांनी ते माझ्याकडं आले. टोपी हातात.

"अण्णा, मला नोकरी लावा तुमच्या नाक्यावर."

"तुम्हाला? नोकरी?"

"लेकीकडं जायचंय," एवढंच म्हणाले.

योगायोगानं नाक्यावर हंगामी माणूस हवा होता. मी शब्द टाकला. सोमवारी दत्तोबा वेळेच्या आधी हजर. सायकल घरी, पेटी माळ्यावर. त्यांचं काम साधं होतं. गाडी आली की माल विचारायचा आणि मला सांगायचा. मी जकात आकारायचो. पहिली गाडी आली.

"कुनाकडची गाडी?" दत्तोबांनी विचारलं.

"क्षेत्र माहुलीच्या बाबूरावांची."

"आरं! थोरली सून बाळंत झाली का? काय झालं?"

"पोरगी."

"ब्येस झालं. नाकानं आज्जीवर गेली का?"

"दत्तोबा, माल," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. माल काय रं?"

दुसऱ्या गाडीला म्हैस व्यायली का हे निघालं, तिसरीला भावकीतली वाटणी. चौथा गाडीवान दत्तोबांच्या एका घरचा होता. त्यानं घरची चाल गुणगुणून ओळख दिली, दत्तोबांनी खालचा सूर धरला आणि दोघं गाडीच्या जोखडाला टेकून गाऊ लागले. मागं गाड्यांची रांग वळणापलीकडं गेली. बैल हंबरायला लागले. तेवढ्यात आमचे साहेब आले.

"हे काय चाललंय इथं?"

"गूळ चाललाय सायेब," दत्तोबा अदबीनं म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. भाकरीचं फडकं सोडलं, पण खाल्लं नाही.

"अण्णा, हितं मालाची चौकशी करत्यात, मान्साची करायची सोय न्हाई. मला न्हाई जमायचं."

"मग यमूकडं?"

त्यांनी भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं. "बघू," म्हणाले. संध्याकाळी पेटी माळ्यावरनं खाली आली.

त्यानंतर दत्तोबांच्या सांगलीच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर महिन्याला सायकल आगगाडीच्या सामानाच्या डब्यात, पेटी मांडीवर, आणि दत्तोबा थर्ड क्लासात. कारण विचारलं की सांगायचे, "मिरजेला जातो. पेटीचे सूर मिळवून आणायचेत."

"दर महिन्याला सूर उतरायला ती पेटी आहे की सायकलची ट्यूब?" माझी बायको म्हणाली.

खरी गोष्ट हळूहळू माहेरी आलेल्या मुलींकडून कळली. दत्तोबांच्या घरांतल्या ज्या मुली सांगलीकडं दिल्या होत्या, त्यांच्या सासरी जाऊन ते ओसरीवर बसायचे आणि माहेरची चाल वाजवायचे. एकदाच. मग चहा घ्यायचे, आईला काय सांगायचं ते विचारायचे आणि पुढच्या घरी. वकिलांची मुलगी म्हणाली, "ती समेअलीकडं थांबलेली चाल ऐकली आणि मला बाबांची कचेरी दिसायला लागली. मी घरात जाऊन हसले आणि रडलेसुद्धा."

मी दत्तोबांना व्यवहार समजावून पाहिला. गाडीभाडं धरलं तर हा सगळा आतबट्ट्याचा मामला होता.

"आवं अण्णा, ह्यो धंदा हाय," ते म्हणाले. "लेक गेली म्हंजे घराची फांदी तिकडं गेली. उद्या फांदीला पाळणा हालला की बारशाला कोन वाजवील?"

आणि तसंच झालं. नातवंडं झाली, सासरच्यांनी आपल्याही घराची चाल मागितली, त्यांच्या शेजाऱ्यांना हेवा वाटला. तीन-चार वर्षांत दत्तोबांची जितकी घरं साताऱ्यात तितकी सांगलीत झाली. एक पै जाहिरातीला न घालता माणसानं दुसरा गाव जोडला. माझा आकड्यांवरचा विश्वास त्या काळात थोडा डळमळला, तो अजून पुरता सावरलेला नाही.

पण ज्या घरासाठी सांगली धरली त्या घराचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग कुसुमचं लग्न निघालं. आई-वडील नव्हते, जबाबदारी माझी. तीन स्थळं होती. मी कागदावर रकाने पाडले: वय, शिक्षण, पगार, घर, अंतर. कराडचा ओव्हरसियर पगारात वरचढ होता. पुण्याचा मुलगा शिक्षणात. तिसरा सांगलीचा शाळामास्तर. पगार बेताचा, स्वभाव गरीब. हे तिसरं स्थळ दत्तोबांनीच आणलं होतं. मला रजा मिळेना, म्हणून त्यांनाच म्हणालो, "तुम्ही जाताच आहात, तर घर नीट बघून या. विहीर, छप्पर, शेजार, सगळं."

परत आले ते खुशीत.

"घर लय ब्येस. ओसरी पूर्वेला."

"विहीर?"

"असंल की. ओसरी ऐसपैस हाय."

"छप्पर गळतं का?"

"ओसरीवरचं न्हाई गळत."

"आणि शेजार?"

इथं दत्तोबा पेटीची दोरी तपासू लागले. "समोर एक हळदीवाले हायेत. माणसं घट हायेत, पन वाईट न्हाईत."

मी रकाने पुन्हा तपासले. ओसरीला गुण द्यायचे कुठं, मला कळेना. पण मास्तर साताऱ्याला मुलगी बघायला आला, तेव्हा कुसुम आत सवयीनं ती चाल गुणगुणत होती. तो माणूस कान देऊन ऐकत राहिला आणि मला म्हणाला, "फार चांगलं आहे. पण मध्ये एका ठिकाणी जरा थांबल्यासारखं होतं, नाही?" मी रकाने मिटले. स्थळ पक्कं केलं. पुढं कधीही पस्तावलो नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिल्या संक्रांतीला कुसुमसाठी हलव्याचे दागिने घेऊन मी सांगलीला निघालो. दत्तोबा बरोबर होते. मिरजेला गाडी बदलून सांगलीत उतरलो. सायकलवर पेटी, एका बाजूला दत्तोबा, एका बाजूला मी. वखारींतून हळदीचा उग्र, कोरडा वास येत होता. रस्त्यात तीन ठिकाणी बायकांनी दारातून विचारलं, "दत्तोबा, आमच्याकडं कवा?" दत्तोबा एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखे वेळा देत चालले होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र त्यांनी सायकल थांबवली. टोपी काढून पुन्हा नीट घातली.

कुसुमचं घर दिसलं. ओसरी पूर्वेला, ऐसपैस. आणि बरोबर समोर, पाच-सहा पावलांची गल्ली ओलांडून, एक दगडी जोत्याचं घर. त्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून पांढऱ्या मिशांचे एक ताठ गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांना लग्नात पाहिलं होतं. दत्तोबांचे व्याही.

मी दत्तोबांकडं बघितलं. ते पेटीची दोरी सोडण्यात गर्क होते.

"दत्तोबा," मी हळूच म्हणालो, "तुम्ही माझ्या बहिणीचं लग्न—"

"मास्तर चांगला हाय का न्हाई?"

"चांगला आहे."

"मग?"

कुसुम धावत बाहेर आली, वाकून नमस्कार केला. मास्तरांनी सतरंजी टाकली. दत्तोबांनी आधी आमची चाल वाजवली. कुसुम दाराला टेकून ऐकत होती. हातच्याच्या जागी मास्तर आणि ती एकमेकांकडं बघून हसले. मला वाटलं, झालं, आता चहा. पण दत्तोबांनी पेटी थोडी वळवली. तिचं तोंड गल्लीकडं झालं.

"अण्णा, जरा इकडं या. भाता मारा."

"मी?"

"ही चाल दोन्ही हातांची हाय. एकट्यानं वाजत न्हाई."

मी पलीकडं जाऊन बसलो आणि भाता धरला. दत्तोबांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. आणि जी चाल निघाली, ती इतक्या वर्षांच्या शेजारात मी फक्त भिंतीतून ऐकलेली, तीही यमूच्या लग्नाआधी. त्यांच्या स्वतःच्या घराची चाल. उजवा हात काहीतरी विचारायचा, डावा त्याला उत्तर द्यायचा.

माझ्याच्यानं भाता धड मारला जाईना. कधी जास्त जोर व्हायचा आणि सूर ओरडायचे, कधी हवा पुरायची नाही आणि ते बसायचे. दत्तोबांच्या कपाळावर आठी आली, पण ते थांबले नाहीत. व्याह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर तसंच धरलं होतं.

तेवढ्यात त्यांच्या मागचं दार थोडं उघडलं. उंबऱ्याआत कुणीतरी उभं होतं. चेहरा अंधारात होता. दाराच्या कडेवर ठेवलेला फक्त एक हात दिसत होता, हिरव्या बांगड्या भरलेला. तो हात दार जरासं आत ओढायचा, जरासं पुढं लोटायचा. पुन्हा आत, पुन्हा पुढं. सावकाश, एका लयीत. पहिल्यांदा मला वाटलं, दार बिजागरीला अडकलंय. मग कळलं.

मी पेटीकडं बघायचं सोडून दिलं. त्या दाराकडं बघून भाता मारू लागलो. दार आलं की मी दाबायचं, दार गेलं की सोडायचं. सूर सरळ झाले. दत्तोबांची आठी गेली. त्यांनी मान वर केली नाही, एकदाही नाही. व्याह्यांचं तोंडासमोरचं पान चाल संपेपर्यंत उलटलं नाही, आणि त्यांनी सुनेला आतही बोलावलं नाही.

चाल संपली. हात दारावर थोडा वेळ तसाच राहिला. मग आत गेला आणि दार मिटलं. ओट्यावर पान उलटल्याचा आवाज आला.

दत्तोबांनी पेटीवर मेणकापड पसरलं, चारी कोपरे नीट खोचले. चहा घेतला. कुसुमला विचारलं, "वैनीला काय सांगू?" आणि आम्ही निघालो. गल्ली संपेपर्यंत सायकलच्या चाकाचा आवाज तेवढा येत होता.

"ओसरी चांगली आहे," शेवटी मी म्हणालो.

"तुमाला सांगितलं हुतं की, अण्णा," दत्तोबा म्हणाले, आणि पुढं उतार होता म्हणून त्यांनी ब्रेक दाबला.